आवाज बसला तेव्हाचा वर्ग

"शिक्षिका ना तुम्ही? हे तुमच्या पेशाचंच दुखणं," घसा तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्या होत्या. "ऑपरेशनची गरज नाही. पण काही आठवडे बोलणं पूर्ण बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

मी मूळची सांगलीकडची. लग्नानंतर म्हैसूरला आले. नवरा गावाबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि मी जयलक्ष्मीपुरमजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे बोलते. तासभर, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. माझ्या बोलण्याचा मला अभिमानच होता. मध्येच थांबून मी विचारायचे, "अर्थ आय्ता?" समजलं का, एवढं कन्नड मला येत होतं. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "आय्तु मॅम!" आणि पेपर तपासताना दिसायचं, की बहुतेकांना काहीच समजलेलं नव्हतं. दर वर्षी हेच. पोरं अभ्यास करत नाहीत, असं म्हणून मी पुढच्या सत्राला आणखी जोरात बोलायला लागायचे. त्याचंच फळ आता घशात आलं होतं.

सत्र ऐन मध्यावर होतं आणि माझ्या जागी तास घ्यायला कुणी नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "वर्गात नुसत्या बसा मॅडम. मुलं वाचतील."

पहिल्या दिवशी मी खरंच बसले. मुलं वाचत होती, म्हणजे पुस्तकाआड मोबाइल बघत होती. मला बसवेना. उठून खिडकीशी गेले, परत आले, स्वच्छ फळा पुन्हा पुसला. कुणाच्या वहीत चुकीची आकृती दिसली की तोंड आपोआप उघडायचं आणि मी ते हाताने दाबायचे. घरी आल्यावर नवऱ्याला मोबाइलवर लिहून दाखवलं, "मला वेड लागेल." त्याने वाचलं आणि म्हणाला, "मग त्यांना बोलू दे की." तो सहज बोलून चहा टाकायला गेला. मी मात्र रात्रीचं जेवण होईपर्यंत घरभर फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. हिनकलच्या चौकात सिटी बस डावीकडे वळते आणि तुम्ही उजवीकडे फेकले जाता. तुम्हाला उजवीकडे कोण ढकलतं? खाली लिहिलं, शेजाऱ्याशी बोला, भांडा, पण उत्तर पटवून द्या.

सगळे माझ्याकडे बघत होते, मी आता उत्तर सांगेन म्हणून. मला बोलताच येत नव्हतं हे किती बरं झालं! नाहीतर मी दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. मग कुठेतरी एक जण पुटपुटला, दुसऱ्याने त्याला खोडलं, आणि बघता बघता वर्गाचा बाजार झाला. सगळा गोंधळ कन्नडमध्ये. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं माझं कन्नड त्या वेगापुढे टिकेना. माझ्याच वर्गात, माझ्याच विषयावर पोरं हमरीतुमरीवर आली होती आणि मला निम्मं कळत नव्हतं. चुकीचं काही शिकत असतील तर?

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. हुणसूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज बसने यायची, दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेली. वर्षभरात मी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता. ती उठून उभी राहिली आणि पुढच्या मुलीला जवळजवळ ओरडून म्हणाली, "यारू तळ्ळल्ल! नानु नेट्टगे होग्तिद्दे, बस् तिरुगतु!"

एवढं मला कळलं. कुणीच ढकलत नाही. मी सरळच जात होते, बस वळली.

इतकी वर्षं मी हेच इंग्रजीतून, सूत्रं मांडून सांगत होते. इतकं साफ मला कधी सांगता आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी पुन्हा फळ्याकडे वळले.

पण तास संपल्यावर एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. तो मणिपूरहून शिकायला आलेला, वर्गात त्या बाजूचा एकटाच. इंग्रजीत म्हणाला, "मॅम, तुम्ही बोलायचात तेव्हा थोडंतरी कळायचं. आज मला काहीच कळलं नाही."

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नव्हता. या गावात पहिल्या वर्षी शेजारणी हसायच्या आणि मीही न कळता हसायचे, ते आठवलं.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला खूण करून पुढे बोलावलं आणि फळ्यावर लिहिलं, 'हेच इंग्रजीत सांग.' मला वाटलं, दोघांचंही भलं होईल. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली, तिचे ओठ हलले आणि शब्दच फुटेना. मागे कुणीतरी हसलं. ती जागेवर जाऊन बसली आणि पुढचे दोन दिवस कॉलेजला आलीच नाही. ते दोन दिवस मी कुठेही धड बसू शकले नाही. स्टाफरूममध्ये डबा उघडायचा, बंद करायचा, जिना उतरायचा, पुन्हा चढायचा.

ती परत आली तेव्हा मी काही लिहिलं नाही. त्या मुलाला उठवून तिच्या शेजारी बसवलं आणि दोघांच्या मध्ये बाकावर एक खडू ठेवला. नवा प्रश्न फळ्यावर होताच, दोरीला बांधून गरगर फिरवलेल्या दगडावर बल कुठल्या दिशेला असतं? मग त्याने एक गोल काढला आणि त्यातून बाहेर जाणारा बाण. तिने मान हलवली, तळहाताने बाण पुसला आणि आतल्या बाजूला काढला. त्याने विचारलं, "व्हाय?" तिने पिशवीतली दोरी बांधलेली पाण्याची बाटली काढली आणि डोक्यावर गरागरा फिरवायला लागली. पुढच्या बाकावरची मुलं ओरडत खाली वाकली.

त्या आरडाओरड्यावर शेजारच्या वर्गातून गणिताचे सर धावत आले. सर म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले, चार पिढ्या इथेच. माझ्याशी मराठीत बोलायचे, पण ते मराठी अर्ध्या वाटेवर कन्नड होऊन जायचं, 'हो ना?'च्या जागी 'अल्वा?' यायचं आणि 'माहीत आहे'च्या जागी 'गोत्ताय'.

"काय हो मॅडम, किती गलाटे हे! माझं डेरिवेशन राहिलं बाजूला, पोरं सगळी तुमच्या क्लासाकडे कान लावून. शिकवायचं तुम्ही की त्यांनी? अल्वा?"

मी घशाकडे बोट दाखवलं.

"ते गोत्ताय मला. पण घसा बरा झाला की हे सगळं बंद, अल्वा?"

घसा बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी जपून बोलायची परवानगी दिली त्या दिवशी मी वर्गात पूर्ण तास बोलले. इतका सुखाचा तास मी कधी घेतला नव्हता. शब्द कसे भराभर येत होते! शेवटी विचारलं, "अर्थ आय्ता?"

"आय्तु मॅम!"

तोच सूर. शेवटच्या बाकावर ती मुलगी मान खाली घालून लिहून घेत होती. पुढचा एक जण म्हणाला, "मॅम, आज प्रश्न नाही?" आणि त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, "नको मॅम, असंच बरंय. परीक्षेत लिहायला सापडतं."

दोघांचंही खरं होतं, आणि तेव्हापासून मी त्या दोघांच्या मधेच आहे. अर्धा तास बोलते, अर्धा तास त्यांना भांडायला देते. प्रश्न इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिते. माझं कन्नड मुलं हसत हसत दुरुस्त करतात. आवाज नसताना गप्प बसणं सोपं होतं, आता बोलता येतंय तर जिभेला आवरणं फार जड जातं. त्या वर्षी अभ्यासक्रम मागे पडला, शनिवारी जादा तास घ्यावे लागले, प्राचार्यांनी बोलावून विचारलंही. निकाल फार काही बदलला नाही. 'कारणे द्या'ची उत्तरं मात्र मुलांनी आपल्या शब्दांत लिहिली होती. काही चुकीची होती, पण पाठ केलेली नव्हती.

मणिपूरचा मुलगा भौतिकशास्त्रातच पुढे गेला. शेवटच्या वर्षी मुख्य विषय निवडायचा होता तेव्हा मला वाटलं, शेवटच्या बाकावरची ती मुलगीही माझ्याकडेच येणार. तिने गणित घेतलं.

मला राहवलं नाही. कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "का गं?"

ती आता माझ्याशी कन्नडमध्ये बिनधास्त बोलायची. म्हणाली, "मॅम, तुमच्या तासाला फार डोकं चालवावं लागतं. घरी जाताना बसमध्येसुद्धा तेच चालू राहतं. सरांकडे बरंय. ते सांगतात, मी लिहिते."

ती हसत होती. तक्रार करत होती की कौतुक, मला कळलं नाही. तिला थांबवून विचारावं असं वाटलं, पण तास सुरू झाला होता आणि आतून पोरांचा आवाज यायला लागला होता. मी फळ्यावर प्रश्न अजून लिहिलाही नव्हता आणि पोरं कशावरून तरी भांडायला लागली होती. मी दारातच थांबून कान देऊन ऐकत राहिले. निम्मं कळलं.