भिंगावरचं झाकण

परवा लहरीपुऱ्यात एका दुकानाच्या काचेमागे भिंगं बदलता येणारा तसाच छोटा, जुना रोलचा कॅमेरा दिसला.

रावपुऱ्यातल्या फोटो स्टुडिओत नरेशभाईंकडे असाच एक होता. सातवीत शाळा सोडून चिपळूणहून आलेली मी त्यांच्यासाठी दिवे धरायची. "सातवी पास बेन, कॅमेऱ्याला हात नको लावू हां," असं ते चारचौघांत म्हणत. मला घरात ठेवून घेणाऱ्या काकूंच्या मुलीच्या, मालूच्या लग्नातही म्हणाले, आणि सगळा मांडव हसला.

मंगलाष्टकं सुरू होताना त्यांनी घाईत भिंग बदललं. त्यावरचं झाकण काढायचं राहिलं. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते, त्यामुळे त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. मला झाकण दिसत होतं. मी गप्प राहिले. अंतरपाट दूर झाला, हार पडले, भाई खटाखट बटण दाबत होते आणि मला इतकं गोड वाटत होतं! खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

तो रोल कोरा निघाला. भाईंची खाली गेलेली मान मी डोळे भरून पाहिली.

मग काकूंनी मला जवळ बसवलं. अक्षता पडताना मुलीच्या आईने मांडवात थांबायचं नसतं, म्हणून त्या तेव्हा मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या.

"तू समोरच होतीस ना गं? सांग, कशी दिसत होती माझी मालू?"

मी तर सारा वेळ झाकणाकडेच बघत होते.