जाताना पाय पुसणारा माणूस

परवा सकाळी विट्यात आमच्या गल्लीत घंटागाडी आली आणि आमच्या मालकांचं पायपुसणं घेऊन गेली. हसू नका... आधी ऐका.

मी बोलतेय आणि नातसून रेश्मा मोबाईलवर लिहितेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळं चुका सगळ्या तिच्या. पायपुसणं गाडीत टाकलं तेही तिनंच... लिही गं, लाजतीस काय?

आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, गलाईचं दुकान होतं, तिकडं लांब मदुरैला. सोनारांकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, त्यांच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा विकत आणायची आणि वितळवून, धुऊन त्यातलं चोख सोनं काढायचं. आमच्या भागातला घरटी एक माणूस याच कामाला देशभर पांगलाय, आणि आम्ही बायका इथं कॅलेंडर बघत बसलोय.

गलाईच्या दुकानात एक रीत असते. आत येताना कुणी पाय पुसत नाही, बाहेर जाताना पुसतात... तळपायाला चिकटलेला सोन्याचा कण दाराबाहेर जाऊ नये म्हणून. दारातलं ते गोणपाट वर्षाच्या शेवटी जाळायचं, राख धुवायची, की त्यातनंही सोनं निघतं.

मालकांना ही सवय इतकी जडली की गावी आले तरी चिखलाचे पाय घेऊन खुशाल घरात यायचे आणि बाहेर जाताना मात्र उंबऱ्यात पाय घासत उभे राहायचे. मी म्हणायची, "आवं, माझ्या घरात काय सोनं सांडलंय व्हय?" ते म्हणायचे, "गप गं, सवय हाय."

दिवाळीला यायचे. पोरांना उचलायचे, चार दिवस घर भरल्यासारखं वाटायचं... आणि मग एका सकाळी पुन्हा तो उंबऱ्यात पाय घासल्याचा आवाज. तो आवाज आला की मी चुलीकडं तोंड करून बसायची.

पुढं दुकान पोराच्या हाती देऊन ते कायमचे आले, तेव्हा बॅगेत दुकानातलं शेवटचं गोणपाट गुंडाळून आणलं. "हे जाळू, तुला नाकात चमकी करू," म्हणाले. आज करू, उद्या करू... तेवढ्यात त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तिथनं ते परत आलेच नाहीत. जाळायचं राहिलं.

मग मी कुणाला जाळूच दिलं नाही. पोरगा फोनवर म्हणतो, "आई, पाठवून दे, मी काढून देतो सोनं." मी म्हणते, माझं नाक मोकळंच बरं दिसतं.

तर परवा घट बसायच्या आधीची साफसफाई चालली होती. रेश्मा रहिमतपूरची, शेतकऱ्याची लेक, आमच्यात नवीन. कपाटाखाली काळं कुळकुळीत गोणपाट दिसलं, तिनं सुक्या कचऱ्यात देऊन टाकलं. तिची काय चूक... त्यांच्याकडं पायपुसणं म्हणजे नुसतं पायपुसणंच असतं.

मी सांगितल्यावर पोरीचं तोंड एवढंसं झालं. गडबडीनं स्कूटी काढली, मला मागं बसवलं आणि थेट कचरा डेपो गाठला. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणारे सांगतील, ही किती मोठी गोष्ट आहे ते.

डेपोवर बायका कचरा निवडत बसल्या होत्या. बाटल्या एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात, दुधाच्या पिशव्या तिसऱ्यात... मला वाटलं, या तर आमच्यातल्याच की, गलाईवाल्या. आणि कडेला कमल नावाची एक बाई बसलेली, तिच्या बुडाखाली आमचं गोणपाट!

"ऊठ गं बाई," मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यावर बसलीयस तू."

सगळ्या खदाखदा हसल्या. कमल चटकन उठली. "आवं आजी, तुमचं हाय व्हय? खाली वल लागती म्हणून घेतलं बसाय." आणि बिचारी, परत द्यायचं तर नीट करून द्यावं म्हणून, दोन्ही हातांनी धरून ते झटकायला गेली...

"झटकू नगं!" मी अशी ओरडले की गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून आला.

कमलचे हात तसेच वर राहिले. हळूच म्हणाली, "सोनं हाय का आजी त्यात?"

"असंल चिमूटभर. पर त्यांच्या पायाची धूळबी हाय. दोन्ही येगळं करायचं मला न्हाई जमत."

तिनं तान्ह्या पोराला धरावं तसं ते घडी करून माझ्या हातात दिलं. माझे डोळे नको ते करायला लागले, म्हणून मीच विषय बदलला, "आता मला कशात टाकशील गं, ओल्यात का सुक्यात?"

"तुमाला न्हाई टाकत आजी. तुमी अजून लय दिस चालताय."

दुसऱ्या दिवशी घंटागाडीवाल्याबरोबर कमलला बसायला एक जाड वाकळ पाठवली. गाडीत टाकू नको, हातात दे, असं त्याला बजावलं.

संध्याकाळी मी गोणपाट उंबऱ्यात अंथरलं आणि जरा वेळ अनवाणी उभी राहिले. रेश्मा म्हणाली, "आजी, हेपण परवा जाताना असेच पाय पुसून गेले." तिचा नवरा, माझा नातू, आता त्याच दुकानात असतो. ती हसली आणि मग हसायची थांबली. मी तिला जवळ घेतलं.

तिथं उभी असताना एक आठवलं. जन्मभर हा माणूस माझ्या घरातनं पाय पुसूनच निघाला. फक्त शेवटच्या वेळी, छातीत दुखतंय म्हणून रिक्षात घालून नेलं, तेव्हा पाय पुसायचे राहिले.

म्हणजे माझ्या घरातलं काहीतरी पायाला लावून गेलेत... असू दे त्यांच्याजवळ.