तळ्याचा उलटा फेरा

हे आजवर माझ्या ओठांबाहेर पडलेलं नाही. कुणापाशीच नाही. आज तुमच्यापाशी का बोलावंसं वाटतंय — तेही कळत नाही.

नवरा गेला तशी मी माहेरी आले, यवतजवळच्या वाडीवर. काचबिंदूनं आबांची नजर नुकतीच गेली होती. डोळे वरून चांगले, टपोरे, उघडे — आत काळोख. रोज संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून तळ्यावर न्यायची. दुष्काळी कामावर खोदलेलं तळं, भोवती बाभळी-करंजांची दाटी आणि झाडांतून गोल फिरून जागेवर येणारी सपाट वाट. आंधळ्या माणसालाही सोपी.

हात माझा धरायचे. आणि बोलणं? सगळं संपतबद्दलचं.

संपत माझा धाकटा भाऊ. आबांनी ठरवलेलं लग्न मोडून तो सुरतेला निघून गेला होता. "पुन्हा तोंड दाखवू नगंस," असं आबाच ओरडले होते. आणि आता रोज, "संपाचं काय कळलं का गं?" मी जेवले का, मला झोप लागते का — कधी विचारलं? मला ते लागायचं. लागायचं कसलं... जळायचे मी.

एका संध्याकाळी पलीकडच्या काठावर तो दिसला. एसटीतून उतरून थेट आलेला, हातात पिशवी. चालीवरून ओळखला. त्यानं हाक मारली, "आक्काऽ!" वाऱ्यानं शब्द फाटला, आवाज तेवढा आला.

आबा थबकले. "कोण गं? आपल्या संपावानी वाटलं."

"मेंढरामागचा कुणी हाय, आबा. तुम्हाला समद्यातच त्यो ऐकू येतो."

हे मी म्हणाले. मीच.

तो डावीकडून यायला निघाला — मी आबांना वळवलं. तो थांबला, उजवीकडून यायला लागला — मी परत वळवलं.

"आज अशी का फिरवतीस?"

"तिकडं चिखल हाय."

चिखल कुठला? उन्हाळा होता.

आबांची नजर गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला काय दिसलं असेल? बापानं उघड्या डोळ्यांनी आपल्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली — एकदा नाही, दोनदा. तो थोडा वेळ पाण्यापाशी उभा राहिला. मग आल्या वाटेनं माघारी गेला. मला हाक मारता आली असती. मी आबांचा हात घट्ट धरला — आणि खरं सांगू? बरं वाटलं मला.

दोन पावसाळ्यांनी आबा गेले. शेवटपर्यंत दाराशी पाऊल वाजलं की मान वळवायचे. सुरतेला तार केली. संपत आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

दहाव्याला भावकीतली माणसं म्हणाली, "पोरगा दगड निघाला, पोरीनं मातर बापाचं सोनं केलं." बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली — व्हय म्हणून.