बाटलीभर रक्त आणि पळणारी माणसं

किस्से जपून ठेवावे लागत नाहीत हो! खुंटीवरच्या कपड्यांसारखे ते एकावर एक चढत जातात. एक काढायला जावं, तर चार खाली पडतात. त्यात वर्ध्याजवळच्या आमच्या दवाखान्यात माझं कामच तसं होतं. नवजात बाळाला रक्त लागलं की देणारा माणूस धरून आणायचा! रक्त साठवायची सोय नव्हती. माणूस वेळेत मिळाला तर बाळ वाचायचं, नाहीतर नाही. म्हणून मी जीव खाऊन सायकल हाणायचो आणि माझी सायकल दिसली की लोक जीव घेऊन पळायचे!

*

एकदा धोटे गुरुजी न्हाव्यापुढे बसले होते. माझी घंटी ऐकली आणि अर्ध्या दाढीनिशी मागच्या दारानं पसार! पण त्यांचा रक्ताचा ग्रुप मला पाठ. थेट शाळेत गेलो. गुरुजी वर्गापुढे उभे. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण.

"गुरुजी, रोहणा गावचं पोरगं आहे. सातव्या महिन्यातच जन्मलंय."

गुरुजी तसेच कॅरिअरवर बसले. टेबलावर आडवे झाल्यावर सिस्टरला म्हणाले, "बाई, सुई लावताच आहात, तर वस्तराही लावून टाका!"

पोरगं वाचलं. चार वर्षांनी त्याची आई त्याचा कान धरून गुरुजींच्या दारात हजर.

"गुरुजी, यानं पाटलाच्या फेट्यात बेंडूक टाकला!"

"मग मी काय करू?"

"आमच्या खानदानात असं कोणी नाई. रक्त तुमचं हाये, तुमीच आवरा!"

*

एका कचेरीतले हेडक्लार्क रक्त द्यायला तयार झाले, पण लेखी परवानगीशिवाय खुर्ची सोडेनात. अर्ज लिहिला, साहेबांकडे गेला. साहेब सज्जन. त्यांनी लगेच शेरा मारला, "मंजूर. काम होताच परत जमा करावे."

*

एका बाळाच्या मामानं बाटली भरून दिली. बाळ मुठीएवढं, त्याला लागलं जेमतेम अर्धा कप. सगळं आटोपलं, तरी मामा बाकावरून हलेना.

"काऊन बसला गा?" मी विचारलं.

"उरलेलं मले परत टाका. अजून कापसाची वेचणी बाकी हाये!"

*

आमच्या डॉक्टरांची तऱ्हाच वेगळी. एकदा कोणी मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच रक्त द्यायचं ठरवलं. टेबलावर पडले, बाटली भरू लागली आणि यांची नजर गेली पाळण्याकडे.

"बाळाजवळ कोणीच नाही? डॉक्टर कुठे मेलाय?"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "झोपलेत, सर!"

*

आणि हा आष्टीकडचा. एका सुनेची आधीची दोन बाळं जन्मल्यावर पिवळी पडून दगावली होती. तिसरा मुलगा झाला, तोही दुसऱ्याच दिवशी हळद माखल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "याचं सगळं रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं घालायचं."

सासरे बाह्या सारून पुढे. तपासलं, जुळेना! सासरे उखडले, "वंश माहा, अन् रक्त काऊन माहं चालत नाई?"

जुळलं सुनेच्या वडिलांचं, महादेवरावांचं. त्यांनी बाटली भरून दिली, उठले आणि भेलकांडले. व्याह्यांनी लगबगीनं घरून आणलेल्या दुधाचा गिलास पुढे केला. महादेवरावांनी तोंड फिरवलं.

"लेकीच्या घरचं पाणीबी घेत नाई मी. नातू झाल्याशिवाय नाई."

"मंग झाला ना नातू, इवाई!"

"आधीचे दोनबी झालेच होते."

व्याह्यांनी गिलास खाली ठेवला. शेवटी माझ्या घरून गूळ-पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं.

पुढे रोज सकाळी व्याही गिलास घेऊन यायचे. महादेवराव दारातून पाळण्याकडे बघायचे आणि नकाराची मान हलवायचे. व्याही गिलास घेऊन परत.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बाळाला खिडकीच्या उजेडात धरलं. त्याच्या नाकावर बोट दाबून कातडी निरखली. बाळानं असं भोकाड पसरलं, की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले!

"पिवळेपणा उतरला," डॉक्टर म्हणाले. "घरी न्या."

महादेवरावांनी व्याह्यांच्या हातातला गिलास घेतला. एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या.

"इवाई," ते म्हणाले, "दुधात पाणी लय हाये!"