ठेवलेली सीट

रात्रभर गार वारं सुटलं होतं. सकाळी रेक्झिनची गुंडाळी उलगडली तर पत्र्यासारखी कडकड वाजली. उस्तादनं ती दुकानापुढच्या उन्हाच्या पट्ट्यात अंथरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि पक्कड घेऊन व्हॅनच्या जुन्या सीटच्या पिना उपटायला बसली. गारठलेलं रेक्झिन ओढलं की फाटतं. ऊन खाऊन नरम झाल्याशिवाय ते सीटवर चढत नाही.

उस्ताद हे काही तिचं नाव नव्हे. बापाच्या हाताखाली दाभण धरायला शिकली, बाप गेला, आणि गिऱ्हाईकं त्याला म्हणायची तेच तिला म्हणू लागली. नवरा कापड बेतायचा, ती शिवायची. गिऱ्हाईकाशी गोड बोलणं नवऱ्याकडे, खरं बोलणं तिच्याकडे. कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर हे लेक ठरवायची. त्यात ती सख्ख्या मामाचंही ऐकायची नाही, म्हणून सगळे तिला मॅनेजर म्हणत.

मॅनेजरला आता खरोखरीचं मॅनेजमेंट शिकायचं होतं. पुलापलीकडच्या छोट्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता, उद्यापर्यंत होकार कळवायचा होता. पण जीव अडकला होता मोठ्या बिझनेस कॉलेजात. तिथल्या वेटिंग लिस्टवर ती दुसरी होती. महिनाभर दुसरीच होती.

फोन वाजला. उस्तादनं तो खांद्याशी दाबून धरला.

"मोठ्या कॉलेजातून बोलतोय. उस्ताद, तुमच्यासाठी एक सीट बाजूला ठेवलीय."

"पाठवून द्या की. आत फोम आहे का काथ्या? आणि उंदरानं कुरतडली असेल तर आधीच सांगा."

पलीकडचा माणूस हसून हसून खोकायला लागला.

थोड्या वेळानं तो स्वतःच आला, सभागृहातली एक खुर्ची नमुन्याला घेऊन. कॉलेजचा कारभारी. सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या नव्यानं मढवायच्या होत्या. कापड, फोम कॉलेजचा. मजुरी मात्र उस्तादनं मागायची नाही. त्या बदल्यात मॅनेजमेंट कोट्यातली एक सीट मॅनेजरच्या नावावर. तसल्या सीटसाठी लोक पैशांच्या थैल्या घेऊन फिरतायत म्हणे.

नवऱ्याची कात्री कापडातच थांबली. "खुर्च्यांच्या बदल्यात खुर्ची! अगं, देव आलाय दारात."

"देव आला असता तर खुर्ची डोक्यावर घेऊन आला नसता. चहा ठेवा आधी." उस्तादनं लेकीकडे पाहिलं. "तुझं काय गं?"

लेक मशीनवर बॉबिन भरत होती. मान वर न करता म्हणाली, "घेऊ या, आई. बाकीच्यांचे बाप पैसे मोजतात, तू टाके घालशील. अभ्यास तर मलाच करायचाय ना?"

उस्तादला ते पटलं. लेकीला बसायला जागा करून द्यायची म्हणून बोटं झिजवायची, यात वाईट काय? तिनं नमुन्याची खुर्ची उलटी घेतली, तळाच्या पिना काढल्या, आत हात घालून चाचपलं. काम सोपं होतं. हो म्हणायचंच बाकी होतं. जाता जाता सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "पण साहेब, ही दुसऱ्या नंबरावर आहे. जरा थांबलो तर आपसूक लागेल की."

"नाही लागायची, ताई." कारभाऱ्यानं चहावर फुंकर मारली.

"मेरिटवाल्यांपैकी कुणीच सोडून गेलं नाही?"

"गेले ना, बरेच गेले. पण तशा रिकाम्या झालेल्या जागा आम्ही कोट्यात वळवतो. त्यातलीच एक तुमच्यासाठी काढून ठेवलीय."

माणूस लबाडीनं बोलत नव्हता. केलेला उपकार नीट समजावून सांगत होता, इतकंच.

बॉबिनचं घरघरणं थांबलं. "म्हणजे ती माझीच सीट," लेक म्हणाली.

"तुझीच म्हणतोय ना मी!"

"तसं नाही, काका. आधीपासूनच माझी होती."

पायरीवर व्हॅनवाला आपल्या सीटची वाट बघत बसला होता. त्याच्या तोंडाला काही झाकण नव्हतं. "घ्या! माझीच सीट काढायची आणि मलाच विकायची. उस्ताद, इतकी वर्षं दुकान चालवताय, हा धंदा कसा नाही सुचला तुम्हाला?"

उस्तादला हसू आवरेना. नवरा मात्र कासावीस झाला. "अगं, कुणाची का असेना, मिळतेय तर..."

"बसणार ती आहे. तिला बोलू द्या," उस्ताद म्हणाली.

लेकीनं बॉबिनचा दोरा दातानं तोडला. "मी पुलापलीकडे जाते, आई. आत्ताच फोन करून कळवते."

"तिथं लाकडी बाकं आहेत गं," नवरा कळवळून म्हणाला.

"मग उशी करून देऊ." उस्ताद कारभाऱ्याकडे वळली. "खुर्च्या करते मी. मजुरी घेऊन, आणि रांगेत नंबर येईल तेव्हा."

"मजुरीच द्यायची तर बाजारात शिवणारे काय कमी आहेत?" तो खुर्ची उचलायला वाकला.

"थांबा. उघडलेली खुर्ची उघडी देत नाही मी."

तिनं कापड परत ताणलं, पिना मारल्या, एक सैल कोपरा दाभणानं टाचून दिला. कारभारी तोवर रिकामा कप हातात धरून उभा. खुर्ची सरळ झाल्यावर सवयीनं बसून पाहिलं त्यानं, आणि ती उचलून चालू लागला.

मोठं कॉलेज गेलं. एवढंसं कुठेतरी टोचलं उस्तादला, नाही असं नाही. पण लेक फोनवर हसत आपलं नाव सांगत होती, आणि नवरा, मघाचा कासावीस, उरलेल्या फोमच्या तुकड्यावर खडू घेऊन टपला होता.

"मॅनेजर, फोन झाला की बस बघू यावर. माप घेतो."

"बाबा! लोक बघतायत!"

"मी नाही बघत," व्हॅनवाला म्हणाला आणि टक लावून बघत राहिला. "पण माझं काम आज होणार का उशीच होणार?"

ऊन एव्हाना उंबऱ्याशी आलं होतं. उस्तादनं विटा बाजूला केल्या, रेक्झिनवरून तळवा फिरवला. चांगलं मऊ झालं होतं. तिनं ते व्हॅनच्या सीटवर टाकलं आणि लेकीला हाक मारली.

"धर पलीकडचं टोक. ओढ. अगं जोर लाव, सुरकुती राहतेय मधे."