राहिलेला चेंडू

माणूस गेला की जमिनीच्या वाटण्या होतात, भावाभावांत डोकी फुटतात. किस्स्यांचं तसं नाही. ते न मागता ज्याच्या त्याच्या वाट्याला येतात आणि दर वर्षी वाढतच जातात. आमच्या तारळेकर सरांना जमीन नव्हती, वारस नव्हते, त्यामुळे मागं राहिले ते किस्सेच. सांगलीतल्या आमच्या कट्ट्यावर मी ते काढले की बापू देसाई म्हणतो, "झालं याचं टेनिस सुरू." म्हणू दे त्याला. तुम्ही बसा, चहा येतोय.

*

साठ सालच्या पुढची गोष्ट. मी साताऱ्याला कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो तेव्हा तारळेकर सर तिथं टेनिसचे कोच होते. तालमी पेठेपेठेला, पण पोरांना टेनिस शिकवणारा हा एकच गडी. मूळ सांगलीचे. वडील संस्थानी क्लबात कारकून, तिथं साहेबलोकांचं बघून बघून हे खेळ शिकले. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. शिक्षकांना नावानं हाक मारायचे नाहीत, विषयानं मारायचे. मी 'केमिस्ट्री', गोखले 'गणित'. प्रिन्सिपॉल मराठी शिकवायचे, पण त्यांना तेवढं 'साहेब' म्हणायचे.

त्यांच्याशी खेळायला बरोबरीचं कुणी नव्हतं. मुलं तासभर खेळून जेवायला पळायची. मग सर एकटेच आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत राहायचे. ठक, ठक, ठक. आत माझी मुलं ब्युरेटमधून ॲसिड सोडत असायची. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं, अख्खा वर्ग त्या ठेक्यावर थेंब सोडतोय! सरांचा चेंडू हुकला की सगळ्यांचं रीडिंग हुकायचं.

मी बाहेर जाऊन म्हणालो, "सर, जरा दमानं घ्या."

"दमानं काय घेतोस, इथं हरतोय मी."

"कुणाकडनं?"

"हिच्याकडनं." त्यांनी भिंतीकडं रॅकेट केली. "केमिस्ट्री, तुझी भिंत लय चिवट. एक चेंडू सोडत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. हसत हसत आत गेलो. पण खिडकीतून ऐकलं तर ते खरंच स्कोअर पुकारत होते, एकदा स्वतःचा आणि एकदा भिंतीचा.

*

कोर्ट मुरमाचं, वरून शेणाचं सारवण. ते काम सखूबाईकडं. तिचा हात असा की चेंडू कुठंही टाका, सारखाच उडणार. तिची अट एकच, सारवलेल्यावर पायताण चालणार नाही. सर पहिल्या दिवशी बूट घालून आत शिरले तर तिनं विचारलं, "आवं, घरात बी असंच फिरता व्हय?" तेव्हापासून कोच, मुलं, पाहुणे, सगळे अनवाणी.

एकदा पुण्याची टीम आली. पाहुणे येणार म्हणून सखूबाईनं कोर्ट तर सारवलंच, वर चारी कोपऱ्यांत रांगोळी घातली. फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि त्यांना चिकटून पांढरी कमळं. झालं! आमच्या हणमंतचा चेंडू बरोबर पाकळीत पडला. पुण्याचा कॅप्टन म्हणाला, आउट. हणमंत म्हणाला, इन. कॅप्टन म्हणाला, "अहो, रेघेच्या बाहेर आहे तो."

"रांगोळी काय कोण अंगणाबाहेर काढतं व्हय?" हणमंतनं विचारलं.

अंपायर गोखले. ते उंच खुर्चीवरून उतरले, गुडघ्यावर बसून पाकळी तपासली आणि निकाल दिला, "पॉइंट पुन्हा खेळा. आणि सखूबाईंना सांगा, पुढच्या वेळी हळदकुंकू भरा, म्हणजे वेगळी दिसेल."

*

हा हणमंत वाईकडच्या एका खेड्यातला, उसाच्या रानातला पोरगा. पहिल्यांदा रॅकेट दिली तेव्हा त्यानं ती कोयत्यासारखी धरली होती. सरांनी त्याला असा घडवला की शेवटी शेवटी सरांनाच धाप लागायची. अख्ख्या नोकरीत सरांना बरोबरीचा असा हा एवढाच मिळाला. हणमंत असला की त्या संध्याकाळी भिंतीला सुट्टी.

गॅदरिंगच्या सामन्याला त्याचे वडील आले, दादू आबा. सगळं आयुष्य कुस्तीत गेलेलं. काखेत नवाकोरा फेटा. तासभर गप्प बसून बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सरांना म्हणाले, "आवं मास्तर, ह्यात पाठ कवा लागायची?"

"आबा, ह्यात पाठ लागत नाही. चेंडू परत आला नाही की हरला."

"आन आला तर?"

"तर खेळ चालू."

"आन येतच ऱ्हायला तर?"

"मग तर मजाच आहे," सर म्हणाले.

हणमंत जिंकला. आबा उठले, फेटा उलगडला आणि तरातरा गेले ते गोखल्यांकडं. एवढं उंच बसवलंय म्हणजे वस्ताद हाच! आधी मान वस्तादाचा. गोखले नको नको म्हणत होते, तरी खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना फेटा बांधला. पुढं वर्षभर गणिताच्या तासाला पोरं त्यांना 'वस्ताद' म्हणायची. खरा वस्ताद खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी म्हटलं, "सर, सांगू का आबांना?" तर म्हणाले, "नको रे. बाप खुशीत आहे, असू दे."

*

सरांची एक रीत होती. शेवटची परीक्षा झाली की जाणाऱ्या मुलानं त्यांच्याशी एक सामना खेळायचा. आणि तो सामना ते कधीच संपू द्यायचे नाहीत. ऐन रंगात आला की चेंडू खिशात. "राहिलेलं दिवाळीत. ये." कुणाचा सामना कुठं थांबलाय, सगळं तोंडपाठ.

मी विचारलं, "सर, संपवत का नाही?"

"संपवला की कशाला येतोय कोण माझ्याकडं?"



एकदा एसटी स्टँडवर त्यांचा एक जुना खेळाडू भेटला. नवीन लग्न झालेलं, बरोबर बायको. पाया पडायला वाकला तर सर म्हणाले, "पहिला सेट माझा. दुसऱ्यात तू पाच-चारनं पुढं, सर्व्हिस तुझी. कधी येतोस?"

तो गोरामोरा झाला. "येतो सर, दिवाळीला नक्की. ही माझी मिसेस."

सरांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "खेळते का?"

तो काही दिवाळीला आला नाही. कुणीच यायचं नाही. कुणी मिलिटरीत, कुणी साखर कारखान्यात, कुणी मुंबईला. ज्याच्या त्याच्या मागं संसार. सुट्टीत कॉलेज ओस पडायचं. सखूबाई मला सांगायची, "समदं गाव दिवाळीला अंगन सारवतंय आन ह्यो बाबा माज्याकडनं कोर्ट सारवून घेतोय. जाळी बांधतोय, रेघा वढतोय आन त्या उच्च्या खुर्चीवर बसून फाटकाकडं बघतोय. म्या म्हनलं, मास्तर, करंज्या आनू का? तर म्हनं, आण, पन दोन मान्सांच्या आण."

दर वर्षी ती दोन माणसांच्या आणायची. उरलेल्या दुसऱ्या दिवशी तिची नातवंडं खायची.

*

सांगलीला मॅच होती तेव्हा हौसेनं मीही टीमबरोबर गेलो. माझं घरच तिथं. मॅच संपली, पोरं कुणी मावशीकडं, कुणी आत्याकडं जेवायला पांगली. मी घरी निघालो तर सर स्टँडवर भडंगाचा पुडा घेऊन बसलेले.

"सर, हे तुमचं गाव. तुम्ही इथं काय करताय?"

"गाव आहे, केमिस्ट्री. घर नाही." आणि पुडा पुढं केला. "घे. सांगलीला येऊन भडंग न खाता जाऊ नये."

मी त्यांना ओढत घरी नेलं. आई वाढताना म्हणाली, "भाऊ, लाजू नका, आपलंच घर समजा." सर पोटभर जेवले. नंतर कितीतरी दिवस मला मध्येच विचारायचे, "आई बऱ्या आहेत ना रे?"

*

चीनची लढाई झाली आणि आमच्याकडची पोरं फौजेत भरती व्हायला लागली. साताऱ्यात तसं ते नवं नाही, घरटी एक जवान. हणमंतही निघाला. त्याचा आणि सरांचा शेवटचा सामना बघायला अख्खं कॉलेज जमलं. पहिला सेट हणमंतचा, दुसरा सरांचा, तिसऱ्यात सर पाच-चारनं पुढं. सर्व्हिस सरांची. फोर्टी-थर्टी. एक पॉइंट घेतला की सर जिंकले. सरांनी चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि खिशात टाकला.

पोरं ओरडली, "सर, टाका की!"

"राहिलेलं सुट्टीवर आला की," सर म्हणाले.

हणमंत जाळीपाशी येऊन पाया पडला. "सर, तेवढा एक चेंडू तरी टाकायचा."

"तो टाकला तर तू येशील का?"

"येणारच की."

त्याची रॅकेट सरांनी त्यालाच देऊन टाकली.

पासष्टच्या लढाईत हणमंत गेला. त्याच्या गावचा एक मुलगा बातमी घेऊन कॉलेजात आला. त्या संध्याकाळी भिंतीवर ठक ठक झालं नाही. माझी मुलं ब्युरेट धरून नुसती उभी. मलाही आत बसवेना. बाहेर गेलो तर सर कोर्टावर, जाळीपलीकडं हणमंत खेळायचा त्या बाजूला उभे होते.

"फोर्टी-थर्टी होता, केमिस्ट्री," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

*

त्यानंतर सर पुन्हा भिंतीशी खेळायला लागले. मग कोयनेचा भूकंप झाला. आमची प्रयोगशाळा जुनी, दगडमातीची. सकाळी जाऊन बघतो तर मागची भिंत अख्खी आडवी. माझ्या बाटल्या फुटलेल्या, आणि समोर कोर्ट मात्र जसंच्या तसं.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "तारळेकर, देवाची कृपा, तुमचं कोर्ट वाचलं."

"कोर्ट वाचून काय करू साहेब," सर म्हणाले. "समोरचा गेला."

भिंतीला मंजुरी मिळता मिळेना. आम्ही बांबूचा तट्टा बांधून प्रॅक्टिकलं घ्यायला लागलो. तट्ट्यावर चेंडू मारला तर तो तिथंच पडतो. सरांनी एकदा मारून बघितला, उचलला आणि परत काही मारला नाही. संध्याकाळी जाळी सोडून, गुंडाळून, खोलीवर जायचे.

*

आता शेवटचा ऐका. चहा गार होतोय, होऊ दे.

भूकंपानंतरची दिवाळी. आमच्याकडं सुतक होतं म्हणून मी साताऱ्यातच होतो, प्रयोगशाळेत बाटल्या लावत बसलो होतो. तट्ट्याला हे एवढं भोक. त्यातून सगळं कोर्ट दिसत होतं. सारवलेलं, रेघा मारलेलं, जाळी बांधलेली. सर उंच खुर्चीवर.

फाटकातून दादू आबा आले. एकटेच. पाठीत वाकलेले. काखेत हणमंतची रॅकेट, फेट्यात गुंडाळलेली. सर खुर्चीवरून उतरले.

"मास्तर, वळखलं का?"

"या आबा."

"पोरगं जाताना म्हनलं हुतं, आबा, सरांकडनं एक चेंडू यायचा ऱ्हायलाय. सुट्टीवर आलं की जानार हुतं. आता त्येला काय जमायचं न्हाई. म्हनलं, आपुन जाऊन यावं."

आबांनी कडेला चपला काढल्या. सरांनी त्यांना दंडाला धरून पलीकडं नेलं, डाव्या चौकोनामागं उभं केलं आणि आपल्या बाजूला आले. आबांनी रॅकेट दोन्ही हातांनी काठीसारखी धरली होती.

सरांनी मोठ्यांदा पुकारलं, "फोर्टी-थर्टी!"

चेंडू वर टाकला, मारला. जाळीत. दुसरा चेंडू घेतला. तोही जाळीत, म्हणजे पॉइंट आबांचा. या माणसाची सर्व्हिस लागोपाठ दोनदा जाळीत गेलेली मी कधी बघितली नव्हती.

"ड्यूस!" सर म्हणाले. मोकळ्या कॉलेजात आवाज घुमला. मग त्यांनी चेंडू उचलून खिशात टाकला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"बरोबरी झाली."

"मंजी कोन जितलं?"

"अजून कुणीच नाही."

"मग टाका की फुडला."

सरांनी वर बघितलं. गावावरच्या किल्ल्यावर अजून लख्ख ऊन होतं.

"अंधार पडायला लागला, आबा. राहिलेलं पुढच्या दिवाळीत."

आबांनीही वर बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून कपाळावर हात आडवा धरला.

"व्हय," ते म्हणाले. "मला बी चेंडू दिसंना झालाय. मग यायला लागंल."

"यायला लागंल," सर म्हणाले. "पण आता आधी करंज्या खाऊन घ्या. दोन माणसांच्या आहेत."