ज्याचं त्याने पुसावं

माझी लेक सुनंदा कॉम्प्युटरवर एक फळा तयार करते. गावोगावची माणसं आपापल्या घरी बसून त्या एकाच फळ्यावर लिहितात, चित्रं काढतात. काल माझ्यादेखत एकाने काढलेलं चित्र दुसऱ्याने पुसून टाकलं. सुनंदा म्हणाली, "आता असं करते, ज्याचं त्यालाच पुसता येईल."

"एवढं काय त्यात? पुन्हा काढील की."

"पुन्हा तसंच येत नाही, आई."

पुसणाऱ्याला वाटतं, जागा मोकळी झाली. सुनंदा आठ वर्षांची असताना दिवाळीसाठी रंगवलेल्या भिंतीवर तिने कोळशाने मोर काढला होता. मी तिला चापट मारली आणि तिच्याच हाताने त्यावर चुना फिरवून घेतला. मी चौथी शिकलेली, मला चित्रातलं काय कळणार, असं म्हणता येईल. पण ते खोटं आहे. मी मोराकडे नीट पाहिलंच नाही. मला भिंतीचीच पडली होती.

"तुला तो मोर आठवतो का गं?"

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "आठवतो. त्याचा एक पाय काढायचा राहिला होता."